गोल काढलेल्या पेशी

फेब्रुवारी लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरत नाही. मुलगी बारावीला आहे आणि प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली आहे. टेबलावर दोन जर्नल्स उघडी असतात. एक तिचं, अर्धं कोरं. दुसरं गेल्या वर्षी पास झालेल्या कुठल्यातरी मुलीचं, प्रत्येक पानावर लाल सही असलेलं. तिकडचं इकडे उतरवण्याचं काम चाललेलं असतं.

"ही स्लाइड तू पाहिलीस का?" मी विचारलं.

"आई, बेचाळीस मुलं आणि पाच मायक्रोस्कोप. माझा नंबर येईपर्यंत बेल झाली."

"मग काढतेस काय?"

"जे असतं ते."

ती काही आळशी मुलगी नाही. आकृती सुबक काढते, नावं सरळ रेषेत लिहिते. मी पोळ्या लाटायला गेले. पण पहिली पोळी तव्यावर करपली आणि त्यानंतरची नीट फुगली नाही. माझं असं सहसा होत नाही.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांची बोटं आणि दंड टोचते, काचेवर रक्त पसरवते आणि भिंगातून बघते. माझा स्वभाव हळवा नाही. या कामात हळवेपणा उपयोगाचाही नाही. पण दर फेब्रुवारीत, द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले टेम्पो रस्त्यावर दिसायला लागले आणि सकाळच्या गारठ्यात दुपारचं ऊन मिसळायला लागलं की, मला हिरा भोये आठवते. हे टाळता येत नाही, म्हणून यंदा लिहून काढते आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. दोरीवर वाळत घातलेले कपडे आत आणताना दोनदा झटकावे लागत, एवढी राख उडायची. मी बसने नाशिकला कॉलेजात जायची. हिरा पेठच्या पुढच्या डोंगरातली होती. सावळघाट उतरून गेलं की तिचं गाव. तिथून कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी. मुलींच्या वसतिगृहात राहायची. लॅबमध्ये आडनावांच्या क्रमाने जोड्या लावल्या, त्यात ती माझ्या वाट्याला आली. माझं माहेरचं आडनाव भालेराव.

पहिल्याच तासाला जीवशास्त्राच्या सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. हात मागे बांधून म्हणाले, "विज्ञान म्हणजे पाठांतर नाही. आधी नीट बघा. बघितलं तेच लिहा. मग असं का, म्हणून विचारा. एक अंदाज बांधा, आणि तो खोटा पडू शकेल असा प्रयोग करा. खोटा पडला तर अंदाज फेकून द्या. निरीक्षण फेकू नका."

मी हे वहीत उतरवून घेतलं. हिराने उतरवलं नाही. ती ऐकत होती.

पहिलं प्रॅक्टिकल कांद्याच्या पापुद्र्याचं. नाशकात कांद्याला काय तोटा! शिपाईमामा टोपलीभर घेऊन आले आणि उरलेले संध्याकाळी घरी घेऊन गेले. फॉर्मॅलिनच्या वासात कांद्याचा वास मिसळून लॅब खाणावळीसारखी झाली होती. माझा पापुद्रा दर वेळी जाड यायचा, काचेखाली नुसता अंधार. हिराने अंगठ्याचं नख लावलं आणि एका झटक्यात असा पापुद्रा काढला की तो बशीतल्या पाण्यात पडल्यावर दिसेनासा झाला.

"कसं केलंस?"

"तुम्ही कांदा चिरता. आम्ही फोडतो," ती म्हणाली.

आयोडीनचा थेंब टाकला, आरसा फिरवून खिडकीतला उजेड घेतला, आणि मग त्या विटा दिसल्या. भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येक घरात एक पिवळट ठिपका. केंद्रक. पुस्तकात तो ठिपका बरोबर मधोमध असायचा. काचेखाली तो बहुतेक घरांत कडेला, भिंतीला टेकून बसलेला. मी मधोमध काढला. हिराने कडेला काढला.

"चुकलंय तुझं," मी म्हटलं.

"पेशीला सांग," ती म्हणाली.

कडेलाच असतो तो, हे मला पुढे कळलं. पेशीच्या मध्ये रसाची मोठी पिशवी असते, ती त्याला ढकलते.

घरी हे सांगितल्यावर वडील हसले. त्यांचं काम दर तासाला मीटरचे आकडे तक्त्यात लिहिण्याचं. ते म्हणाले, "तुझी मैत्रीण आमच्याकडे टिकेल. काटा दाखवतो ते लिहायचं असतं. काटा चुकलाय असं वाटलं तर शेजारी शेरा मारायचा. पण काट्याला शिकवायचं नाही."

थंडी वाढली तशी हिरा गैरहजर राहायला लागली. आधी एक दिवस, मग आठवडाभर. आली की जिना चढताना कठड्याला धरून थांबायची. हाडं दुखतात, म्हणायची. कधी गुडघा, कधी खांदा, कधी पाठ. दुखणं हलतं कसं, हे कुणाला समजत नव्हतं. वसतिगृहाच्या रेक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिचा स्वयंपाकघराचा वार आला की हिची हाडं दुखतात." मुली हसल्या. ते वाक्य कॉलेजपर्यंत पोचलं. एकदा ती पायरीवर बसली होती, तोंड राखेसारखं झालेलं, आणि मी म्हटलं, "भोये, आज कुठलं हाड?"

मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आज जिभेचं दुखत नाय, म्हणून वाचलीस." आणि हसली. मला वाटलं, हसते आहे म्हणजे फार दुखत नसणार. दुखणाऱ्या माणसाने कसं दिसावं याचंही एक चित्र माझ्या डोक्यात तयार होतं. ती त्यात बसत नव्हती.

फेब्रुवारीत रक्ताचं प्रॅक्टिकल आलं. निम्म्या वर्गाचे चेहरे उतरले. तेव्हा सुई एकच असायची, स्पिरिटच्या बशीत बुडवलेली, आणि ती सगळ्यांत फिरायची. आज अंगावर काटा येतो. दोघींत मिळून एकीचं रक्त पुरे होतं.

"तुझं बोट दे," मी हिराला म्हटलं.

"का? तुझ्या अंगात रक्त नाय? एकलहऱ्याची राख हाय नुसती?"

"मला सुईची भीती वाटते."

"भित्री कुठली. घे माझं. डोंगरातलं हाय, सांडू नको."

तिनेच टोचून घेतलं. काचेच्या टोकाला थेंब ठेवला, दुसरी काच तिरकी धरून एका दमात पुढे ओढली. माझ्या आजच्या हाताइतका साफ थर तिने त्या दिवशी पहिल्यांदा ओढला. वाळू दिला, रंग घातला, पाणी घातलं, धुतला. मग तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"अगं, इळे!"

"काय?"

"इळे. भात कापायचे. घरात कुडाला खोचलेले असतात तसे. बघ."

मी बघितलं. तांबड्या पेशी गोल असतात, दोन्ही बाजूंनी मधे दबलेल्या. तशा होत्याच. पण त्यांच्यामध्ये दुसऱ्याही होत्या. बारीक, वाकलेल्या, दोन्ही टोकं अणकुचीदार. एखाददुसरी नाही. काच जिकडे सरकवावी तिकडे. आज मी शपथेवर सांगू शकते, मी त्या स्वच्छ पाहिल्या.

आम्ही सरांना बोलावलं. त्यांच्यामागे दहा जण स्लाइड घेऊन उभे होते. त्यांनी क्षणभर डोळा लावला. "थर वाळायला वेळ लागलाय. पेशी आकसल्यात. होतं असं. पुस्तकात बघून काढा."

हिरा म्हणाली, "सर, हिचं रक्त घेऊन बघू का? त्याच काचा, तोच रंग. हिच्या पेशी पण अशाच दिसल्या तर वाळण्याची चूक. नायतर..."

नायतर काय, हे तिला माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही नव्हती. पहिल्या तासाला सरांनी जे सांगितलं होतं ते चाळीस जणांत एकटीने केलं होतं. अंदाज खोटा पडू शकेल असा प्रयोग तिने मांडला होता, आणि त्याला लागत होता माझा एक थेंब.

सर घड्याळाकडे बघून म्हणाले, "करा, पण पाच मिनिटांत."

हिरा माझ्याकडे वळली. मी दोन्ही हात अॅप्रनच्या खिशात घातले.

"दे ना गं. मुंगी चावल्यासारखं होतं."

"सरांनी सांगितलंय ना पुस्तकात बघून काढा म्हणून," मी म्हटलं. "तुला सगळ्यातच काहीतरी वेगळं हवं असतं."

ती थोडा वेळ हात पुढे करून उभी राहिली. मग बेल झाली.

सरांना मी दोष देत नाही. चांगले होते. त्यांना वेळ नव्हता. मला होता. पाच मिनिटं होती.

मी गोल पेशी काढल्या. सव्वीस. पुस्तकात होत्या तेवढ्या. सही झाली. हिराने जे पाहिलं तेच काढलं, आणि तिच्या पानावर लाल फुली आली : पुन्हा काढा. जर्नल पूर्ण तपासल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. दोन दिवस तिने ते पान तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझं जर्नल मागितलं आणि खोडरबर घेऊन एकेक इळा पुसत गेली. तिथे माझ्या गोल पेशी उतरवल्या. कागद पातळ झाला होता. उजेडाकडे धरलं की खालच्या वाकड्या रेघा दिसायच्या. सरांनी उजेडाकडे धरलं नाही.

एवढं करून तिला परीक्षेला बसू दिलंच नाही. हजेरी कमी भरली. टर्म मंजूर व्हायची असेल तर आजारपणाचा दाखला आणा, म्हणाले. ती दवाखान्यात गेली. तिथे रांगेत उभं राहून अशक्तपणाच्या गोळ्या मिळाल्या, दाखला मिळाला नाही. डॉक्टर म्हणाले, जेवत जा नीट. रेक्टरबाईंनी ऑफिसात कळवलं की मुलगी काम टाळते, आजारी वगैरे काही नाही. तिचं दुखणं खरं आहे हे दाखवणारी एकच वस्तू या जगात होती. ती काच आम्ही त्या दिवशी साबणाने धुऊन पुढच्या बॅचसाठी रॅकमध्ये ठेवली होती.

पेठच्या गाडीला तिला पोचवायला मी गेले होते. तिच्याजवळ पत्र्याची पेटी आणि ते जर्नल. जर्नल तिने माझ्या हातात दिलं. "सही झालेलं हाय. पुढच्या वर्षीच्या पोरींना दे. उतरवायला होईल."

"तू पुढच्या वर्षी येशील की."

"बा म्हणतो, खोटं बोलणाऱ्या पोरीला कशाला शिकवायचं." एवढं म्हणून ती गाडीत चढली. चढायला तिला वेळ लागला. मागचा माणूस तिच्यावर ओरडला.

जर्नल मी दिलं. कुणीतरी उतरवलं. त्यावरून आणखी कुणी उतरवलं असेल. असं किती वर्षं चाललं असेल कोण जाणे. हिराच्या रक्ताची गोल आकृती.

मी तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या शेजारच्या गावातली एक मुलगी वसतिगृहात आली. तिच्याकडून कळलं, हिरा गेली. पावसाळ्यात. ताप आला, छातीत दुखायला लागलं, नदी भरली होती, झोळी करून नेईपर्यंत संपलं. मला वाईट वाटलं. किती, तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी माझी चाचणी परीक्षा होती.

मग लॅब टेक्निशियनचं डी.एम.एल.टी. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. एका सकाळी सुरगाण्याकडच्या एका बाईचं रक्त आलं. मी स्लाइड केली, डोळा लावला आणि हात थांबला.

डॉक्टर मागे उभे होते. "काय झालं?" त्यांनी बघितलं. "सिकल सेल. बाई डोंगराकडची आहे का?"

"सुरगाण्याची."

"त्या बाजूला आहे हा आजार. तुम्ही आधी कधी पाहिला होता?"

"हो."

"कुठे?"

"कॉलेजात."

"कॉलेजात कुठे हे दाखवतात!" डॉक्टर हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

त्यांनी मला समजावून सांगितलं. या पेशी वाकून ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतील तिथे भयंकर कळा येतात. आज गुडघ्यात, उद्या खांद्यात. थंडीत जास्त. चांगली तांबडी पेशी चार महिने जगते, या काही दिवसांत मोडतात, म्हणून अंगात रक्त राहत नाही. हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो, त्यांना स्वतःला काही होत नाही. पूर्ण बरा होत नाही. पण माहीत असलं तर पाणी भरपूर प्यायचं, थंडी टाळायची, तापाकडे दुर्लक्ष करायचं नाही, आणि घरच्यांनी दुखणं खोटं समजायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. सुई घेतली, माझं बोट टोचलं, थर ओढला. त्याच रंगाने रंगवला. दोन काचा शेजारी ठेवून आळीपाळीने बघितल्या. माझ्या पेशी सगळ्या गोल होत्या. सगळ्या. प्रयोग पूर्ण झाला होता आणि निष्कर्ष स्पष्ट होता. लोक म्हणतात उशीर झाला तरी हरकत नाही. हरकत आहे.

मुलीने मघाशी विचारलं, "आई, तांबड्या पेशी किती काढू? या ताईने सव्वीस काढल्यात." उद्या तुला माझ्या लॅबमध्ये घेऊन जाते, एवढंच मी म्हटलं. ती वैतागली.

सुरगाण्याच्या बाईची स्लाइड पाहिल्यावर, त्याच आठवड्यात मी पेठच्या गाडीत बसले. पश्चात्ताप करायला नाही. हिराला धाकटी बहीण होती हे मला माहीत होतं, आणि आजार घराण्यातून येतो हे आता कळलं होतं. कुणीतरी जाऊन रक्त तपासायला हवं होतं. पिशवीत काचा, स्पिरिट, कापूस आणि सुया घेतल्या. सुया दोन डझन, प्रत्येकाला वेगळी.

घर उतारावर होतं, कुडाच्या भिंतींचं. दुपार झाली होती. हिराचे वडील द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेले होते. आई अंगणात शेत भाजायच्या राबासाठी पालापाचोळा गोळा करत होती. बहीण, सुमन, ओट्यावर नागली पाखडत होती. विशीची असेल. हिरासारखीच दिसत होती. मी कोण ते सांगितलं. आईने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

मी जे सांगायचं ते सरळ सांगितलं. हिराच्या रक्तात जन्मापासून आजार होता. त्याने हाडं दुखतात. तिची खरंच दुखत होती. कॉलेजात भिंगातून आम्ही दोघींनी तो पाहिला होता, पण मी गप्प बसले आणि वहीत वेगळं काढलं.

"तू पाहिलंस," आई म्हणाली.

"हो."

"मग बोलली का नाय, बाय?"

सर, घड्याळ, बेल, सुई. यातलं काहीही त्या अंगणात सांगण्यासारखं नव्हतं. "माझी चूक झाली," मी म्हटलं.

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती हातातल्या पानांकडे बघत राहिली. "लय रडायची ती. कॉलेजातून आल्यावर. तिचा बा म्हणायचा, शिकून आली, आता काम नको हिला. मी पण म्हणायची. तापात पडली तरी आधी दोन दिवस मी म्हटलं, सोंग हाय." मग मान वर करून तिने विचारलं, "म्हणजे हिरी खोटी नव्हती?"

"नाही. खोटी नव्हती."

मी कापूस काढला, स्पिरिट लावलं. आधी आईचं बोट टोचलं, मग सुमनला पुढे बोलावलं. तिचा हात हातात घेतला तर बोटं थंडगार होती आणि नखं पांढरी. डोळ्यांत पिवळसर झाक. मी रोज रक्त बघणारी बाई आहे. मला काच रंगवायची गरज नव्हती. तरी मी थर ओढला आणि वाळायला उन्हात ठेवला.

"सुमन," मी विचारलं, "तुला कधी दुखतं का?"

"नाय," ती पटकन म्हणाली.

आई उठली. सूप बाजूला सरकवून लेकीच्या शेजारी बसली. तिने सुमनच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग खांद्यावर, मग पाठीवर. मी काही सांगितलं नव्हतं, तरी जिथे जिथे हिराचं दुखायचं तिथे तिथे तो हात फिरला.

"मी सोंग म्हननार नाय," ती म्हणाली. "खरं सांग, पोरी. दुखतं?"

सुमनने माझ्याकडे बघितलं नाही. आईकडेही नाही. उन्हात वाळत ठेवलेल्या काचांकडे बघत ती म्हणाली, "हिरीचं बघितलं ना. म्हनून बोलले नाय." आणि मग, अगदी हळू, "लय दुखतं, आय."